झाडाची जखम भरून येत नाही

पावसाळा तोंडावर आला की घराजवळच्या झाडांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. एरवी सावली देणारा गुलमोहर किंवा खिडकीपर्यंत आलेला पिंपळ मे महिन्याच्या अखेरीस धोकादायक वाटू लागतो. झाड अंगावर पडून कोणी दगावल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो आणि दोन दिवसांत कोयते, कुऱ्हाडी व दोर घेऊन माणसे हजर होतात. संध्याकाळपर्यंत झाडाच्या जागी एक जाड खांब आणि त्याला चार-पाच थोटके एवढेच उरते. सगळ्यांना हायसे वाटते. झाड हलके झाले, आता ते पडायचे नाही!

या समजुतीत तथ्य किती? त्या एका पावसाळ्यापुरते थोडेफार आहे. पण अशा रीतीने केलेली तोड पुढच्या दहा-पंधरा वर्षांसाठी झाडाला अधिक धोकादायक बनवते. तो धोका लगेच दिसत नाही, म्हणून त्याचा संबंध आजच्या कुऱ्हाडीशी आपण लावत नाही. असे का होते हे समजून घेण्यासाठी एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. जखम झाली की झाड काय करते?

माणसाची जखम, झाडाची जखम

आपल्या बोटाला कापले तर काही दिवसांत तिथे नव्या पेशी तयार होतात आणि जखम भरून येते. मोडलेले हाडही जुळते. बिघडलेल्या जागी नवे बांधकाम करण्याची ही सोय प्राण्यांमध्ये आहे. झाडाच्या लाकडात ती नाही.

झाडाचे खोड जाड होते ते सालीच्या आतल्या एका अतिशय पातळ थरामुळे. त्याला ऊतिकर म्हणतात. हा थर आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला अन्नरस वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या. दरवर्षी जुन्या लाकडावर नव्या लाकडाचा एक थर चढतो. सागासारख्या झाडात हे थर वर्तुळांच्या रूपाने स्पष्ट दिसतात. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत ते इतके स्पष्ट नसतात, पण वाढण्याची रीत तीच. एकदा तयार झालेला थर पुन्हा कधी नव्याने बांधला जात नाही. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या तर काम सुरू करतात तेव्हाच मृत पेशींच्या नळ्या झालेल्या असतात. त्यांची दुरुस्ती करणार कोण?

विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. एका झाडाच्या खोडात जमिनीपासून एक मीटर उंचीवर खिळा ठोकला. झाड दरवर्षी अर्धा मीटर उंच होते. दहा वर्षांनी खिळा किती उंचीवर असेल? बहुतेक मुले सहा मीटर असे उत्तर देतात. बरोबर उत्तर एक मीटर हेच आहे. झाडाची उंची शेंड्यांकडून वाढते, खोडाचा जुना भाग वर सरकत नाही. तो फक्त जाड होतो. त्यामुळे खिळा त्याच उंचीवर, पण लाकडात गाडलेला सापडेल.

जखमेचेही असेच होते. तिच्या कडेचे ऊतिकर वेगाने वाढते, ओठासारखी गोल कड तयार होते आणि वर्षानुवर्षे सरकत जखमेला झाकून टाकते. बाहेरून वाटते, जखम भरली. आत मात्र जुने उघडे पडलेले लाकूड जसेच्या तसे असते. पडकी भिंत दुरुस्त न करता तिच्यापुढे नवी भिंत उभी करावी, तसा हा प्रकार आहे.

नारळ, सुपारी, ताड यांना तर एवढीही सोय नाही. ती एकदल झाडे आहेत, त्यांच्या खोडात ऊतिकराचा असा सलग थर नसतो. माडावर चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा माड जिवंत असेपर्यंत तशाच राहतात, हे कोकणातल्या मुलांनी रोज पाहिलेले असते.

चार भिंती

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, हे जर्मनीत रॉबर्ट हार्टिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवले. पण कुजण्याची क्रिया सुरू झाल्यावर जिवंत झाड स्वस्थ बसते का? या प्रश्नाचा सर्वांत नेटाने पाठपुरावा केला तो अमेरिकेच्या वन विभागातील वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी. पूर्वी संशोधक खोडाचे आडवे काप घेऊन पाहत. एका माणसाला चालवता येणारी यांत्रिक करवत हाती आल्यावर शायगोंनी झाडे उभी चिरायला सुरुवात केली आणि जखमेपासून कुज वर-खाली, आत आणि बाजूला कशी पसरते ते हजारो झाडांत पाहिले. १९७७ साली त्यांनी हॅरॉल्ड मार्क्स यांच्यासह आपला निष्कर्ष मांडला. तो असा की, झाड जखम बरी करत नाही. ते जखमी भाग भिंती घालून वेगळा काढते.

अशा चार भिंती त्यांनी सांगितल्या. पहिली वर-खाली पसरणारी कुज अडवते. त्यासाठी झाड जखमेच्या वरच्या आणि खालच्या जलवाहिन्या बुजवून टाकते. पण झाडाला पाणी तर वर न्यायचेच असते, म्हणून ही भिंत सर्वांत कच्ची. दुसरी भिंत आत गाभ्याकडे जाणारी वाट अडवते, तिसरी बाजूंना पसरणारी. या तिन्ही भिंती जखमेच्या वेळी अस्तित्वात असलेल्या लाकडातच उभ्या राहतात. तिथल्या जिवंत पेशी बुरशीला मारक अशी रसायने तयार करून साठवतात. चौथी भिंत मात्र नवी असते. जखम झाल्यानंतर ऊतिकर पेशींचा एक खास थर बनवते आणि त्या थराच्या बाहेर नेहमीचे नवे लाकूड तयार होऊ लागते. कुज अडवण्यात ही भिंत सर्वांत पक्की.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. चौथी भिंत टिकली तर कुज जखमेच्या वेळच्या खोडापुरतीच मर्यादित राहते. म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला जखम झाली आणि पुढे ते खोड ६० सेंटिमीटर झाले, तर आतली ढोली फार तर ३० सेंटिमीटरची असेल. झाडाच्या ढोलीत त्याच्या जुन्या जखमेची तारीखच एक प्रकारे लिहिलेली असते.

या भिंती घालायला ऊर्जा लागते. ती येते पानांनी तयार केलेल्या आणि लाकडात साठवलेल्या पिष्टमय पदार्थांतून. पाने कमी केली आणि जखमा वाढवल्या तर झाडाची मिळकत घटते आणि खर्च वाढतो. हे एवढे लक्षात ठेवले तरी छाटणीचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

फांदी कोठे कापावी?

एखादी मध्यम फांदी खोडाला जिथे मिळते ती जागा नीट पाहा. फांदीच्या मुळाशी, विशेषतः खालच्या बाजूला, सदऱ्याच्या कॉलरसारखा किंचित फुगीर भाग दिसेल. वरच्या बाजूला बेचक्यात सालीचा खरबरीत उंचवटा दिसेल. कॉलरमध्ये खोडाचे आणि फांदीचे थर एकमेकांत गुंतलेले असतात. फांदी मेली किंवा तुटली तर कुज खोडात शिरू नये म्हणून झाडाने जणू आधीच तिथे बंदोबस्त केलेला असतो.

म्हणून फांदी कापायची ती या कॉलरच्या अगदी बाहेर. इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे फांदी खोडालगत सपाट कापणे. काम साफ दिसते, पण कॉलर कापली जाते. जखम मोठी होते आणि ती थेट खोडाच्या लाकडाला होते. दुसरी चूक म्हणजे हातभर थोटूक मागे ठेवणे. थोटकाला पाने नसतात, ते मरते आणि जखमेच्या कडा त्याला ओलांडून मिटू शकत नाहीत. ते बुरशीला खोडापर्यंत नेणारा पूल बनते.

जड फांदी एका घावात वरून कापली तर ती अर्धवट तुटून लोंबते आणि खालची साल खोडापर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप घेतात. खोडापासून सुमारे हातभर अंतरावर खालून एक अर्धवट काप. त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप, ज्याने फांदी सुटून पडते. मग उरलेले थोटूक हाताने धरून कॉलरच्या बाहेर तिसरा, शेवटचा काप. यासाठी करवत लागते. कोयत्याने तुकडे उडतात, हवी ती रेषा मिळत नाही.

फांदी लहान असताना, अंगठ्याएवढी असताना कापली तर जखम एक-दोन वर्षांत झाकली जाते. तीच मांडीएवढी झाल्यावर कापली तर जखम कदाचित कधीच मिटणार नाही. छतावर येणारी, तारांकडे जाणारी फांदी ओळखायची वेळ झाड लहान असतानाची असते.

शेंडा उडवल्यावर

आता सुरुवातीच्या त्या खांबाकडे परत येऊ. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा ८० झाला तर जोर चौपट होतो. पानोरा कमी केला की वाऱ्याला धरायला जागा कमी मिळते, हे खरेच. म्हणून पहिल्या पावसाळ्यात झाड खरोखर शांत उभे राहते.

पण आत काय चालते? जवळजवळ सगळी पाने गेल्यामुळे झाड साठवलेले अन्न खर्चून सालीखालच्या सुप्त कळ्या जागवते. थोटकांच्या टोकांशी धुमाऱ्यांचे झुपके फुटतात. आपण म्हणतो, झाडाने चांगला जोम धरला! वास्तविक ती उपासमारीतली धडपड असते. नैसर्गिक फांदी खोडाबरोबर वाढताना दरवर्षी थरांत गुंतत जाते, तिचे मूळ खोलवर रुजलेले असते. धुमारा केवळ वरच्या थराला चिकटलेला असतो. शिवाय तो ज्या थोटकावर उभा आहे, त्याचे टोक कुजत चाललेले असते. आणि वरून खाली येणारी कुज अडवणारी भिंत सर्वांत कच्ची, हे आपण पाहिलेच.

आठ-दहा वर्षांत धुमाऱ्यांच्या जाड, उंच, जड फांद्या होतात. पानोरा पूर्वीइतकाच होतो, आधार मात्र कुजका. मग एखाद्या वादळात फांदी मोटारीवर किंवा माणसावर पडते आणि आपण म्हणतो, ‘गुलमोहर ठिसूळच.’ गुलमोहराचे लाकूड हलके आणि मुळे उथळ असतात हे खरे आहे. पण त्याच्या थोटकांचा इतिहास कोणी पाहत नाही.

झाड खरोखर लहान करायचे असेल तर लांब फांदी तिच्याच एखाद्या उपफांदीपाशी कापावी आणि ती उपफांदी कापाच्या जागेच्या निदान एक-तृतीयांश जाडीची असावी. म्हणजे उरलेल्या टोकाला पाने राहतात. एका वर्षात पाव हिश्श्यापेक्षा जास्त पाने काढू नयेत. म्हाताऱ्या झाडाच्या बाबतीत त्याहूनही हात आखडता घ्यावा.

काळवेळेचाही विचार हवा. वाळलेल्या फांद्या केव्हाही काढाव्यात. पण मोठी छाटणी चैत्रपालवीच्या सुमारास करणे वाईट, कारण नवी पाने काढण्यात झाडाची शिल्लक नुकतीच खर्च झालेली असते. आपल्याकडे पावसाळापूर्व छाटणी होते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये, कावळ्यांसारख्या पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत. हे काम हिवाळ्यातच उरकले तर झाडाचे, पक्ष्यांचे आणि आपलेही भले होईल.

जखमेवर काय लावावे?

डांबर, रंग, शेण-माती, गेरू-चुना असे बरेच काही लावले जाते. शायगोंनी अनेक लेपांची तुलना करून पाहिली. कोणताही लेप लाकडाची कुज थांबवत नाही असे त्यांना आढळले. याचे कारण आता लक्षात येईल. कुज अडवायची ती आतून, जिवंत पेशींनी. वरच्या लेपाला भेगा पडतात आणि त्याखाली ओल धरून बुरशीची सोयच होते. गेरू-चुन्याच्या पट्ट्यांमुळे रस्त्याकडेचे झाड रात्री वाहनांना दिसते, एवढा उपयोग नक्की आहे.

बागाईतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मलम वापरतात, त्याचे काय? संत्र्या-मोसंबीवरील डिंक्यासारख्या सालीच्या रोगांपासून बचावासाठी ते योग्यच आहे. पण मांडीएवढ्या फांदीच्या जखमेतून खोडात शिरणारी कुज त्याने थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये.

ढोलीत सिमेंट भरण्याचीही पद्धत होती. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मध्ये फट पडते, पाणी साठते. भरण्याआधी ढोली आतून खरवडून ‘स्वच्छ’ केली, तर झाडाने घातलेली भिंतच आपण फोडतो. ढोली आहे तशी सोडावी. पिंगळे आणि पोपट तिचा उपयोग करतील.

पोकळ म्हणजे दुबळे नव्हे

‘आतून पोकळ आहे, पडणारच’ असे म्हणून कित्येक झाडे पाडली जातात. इथे थोडे गणित करू. वाकवणाऱ्या जोराला गोल दांडा किती विरोध करतो, हे त्याच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताशी निगडित असते. बाहेरची त्रिज्या १ मानली आणि आतली पोकळी ०.७ त्रिज्येची असेल, तर गमावलेला वाटा ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७ म्हणजे सुमारे ०.२४. तब्बल ७६ टक्के ताठपणा शिल्लक आहे! पोकळी ०.९ झाली की मात्र उरतात ३४ टक्के. सायकलची दांडी, बांबू आणि आपली हाडे पोकळ असूनही मजबूत असतात ती यामुळेच.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. नळी सर्व बाजूंनी सलग हवी. ढोलीला बाजूने मोठे तोंड असेल, उभी चीर असेल किंवा भिंत एका बाजूला फारच पातळ असेल, तर आकड्यांवर विसंबता येत नाही. जाणकार माणूस लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकतो. बारीक सुई आत घालून लाकडाचा विरोध मोजणारी यंत्रेही आहेत.

जमिनीखाली

झाडे फांद्या मोडून पडतात तशी मुळांसकट उन्मळूनही पडतात. झाडाचे मूळ त्याच्या उंचीइतके खोल जाते अशी समजूत आहे. वस्तुतः बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि पानोऱ्याच्या घेराबाहेर दूरवर पसरतात. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो, तो वरच्या थरातच मिळतो.

आता शहरी घराच्या आवारात पाहा. बुंध्यापर्यंत फरसबंदी केलेली, एका बाजूला गटारासाठी चर खणलेला, दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या भिंतीचा पाया. चर खणताना मुळे तुटली हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पानोरा काही काळ हिरवाच राहतो. मग पावसाने माती भिजते, तिची पकड सुटते आणि एका झोतात झाड आडवे होते. पडलेल्या झाडाची मुळे एका बाजूला सरळ रेषेत कापलेली दिसली तर कारण शोधायला दूर जावे लागत नाही. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो यासाठीच.

एक मीटर ही अगदी किमान गरज आहे. बांधकामाच्या वेळी वापरला जाणारा एक ठोकताळा असा: छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवावे. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५० सेंटिमीटर आणि राखायची त्रिज्या ६ मीटर. प्रत्येक घराला एवढी जागा सोडता येणार नाही. पण चर कोणत्या बाजूने न्यायचा हे ठरवताना हा आकडा डोळ्यांपुढे असावा.

वडाची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजल्या की खांब बनतात. हावडा येथील वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध महावटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी तो वृक्ष शेकडो पारंब्यांवर आजही उभा आहे. शहरात मात्र अडचण होते म्हणून आपण पारंब्या छाटतो आणि मग वड कलला म्हणून तोही तोडतो.

झाड काढायचे कधी आणि कसे?

प्रत्येक झाड वाचवलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. झाडाखालून मुले शाळेत जातात, घरात माणसे झोपलेली असतात. काही लक्षणे दिसली तर थांबू नये. पूर्वी सरळ असलेले झाड नव्याने कलणे, कलण्याच्या विरुद्ध बाजूला मातीला भेग पडणे किंवा ती उचलली जाणे, बुंध्याशी किंवा मुळांवर वर्षानुवर्षे टिकणारी कडक अळंबी उगवणे, दोन जाड खोडांच्या बेचक्यातून उभी चीर जाणे, मोठी मुळे तुटलेली असणे, ही ती लक्षणे. याउलट, लहानपणापासून तिरके वाढलेले आणि शेंडा पुन्हा सरळ वर गेलेले झाड बहुधा स्थिर असते.

धोका म्हणजे केवळ झाडाची अवस्था नव्हे, खाली काय आहे हेही आहे. मोकळ्या माळावरचे वठलेले झाड कोणाला धोका देत नाही. तेच शाळेच्या फाटकावर असेल तर निर्णय वेगळा. कधी झाड तोडण्याऐवजी खालचा बाक किंवा वाहनतळ हलवूनही काम भागते.

घरांच्या दाटीत झाड बुंध्यातून पाडता येत नाही. वरून तुकड्या-तुकड्यांनी कापत, प्रत्येक तुकडा दोराने बांधून खाली सोडावा लागतो. हे काम किती जोखमीचे आहे? २० सेंटिमीटर व्यासाची आणि ५ मीटर लांबीची फांदी घेऊ. तिचे घनफळ सुमारे ०.१६ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता साधारण पाण्याइतकी धरली तर वजन दीडशे किलोच्या पुढे! ती सुटून झोळ घेत दोरावर आदळली की दोराला आणि वर बसलेल्या माणसाला तिच्या वजनाच्या कित्येक पट झटका बसतो. कमरेला नायलॉनची दोरी गुंडाळून, अनवाणी, डोक्यावर काही न घालता चढणाऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी त्याला बोलावणाऱ्यावरही असते. त्याला पट्टा आणि शिरस्त्राण आहे का, खालची जागा दोर लावून बंद केली आहे का, जवळून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करवला आहे का, हे पाहिल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

काम देताना

आपल्याकडे वृक्षनिगेचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे थोडी आहेत. पुष्कळ ठिकाणी लाकूड हाच मोबदला किंवा मोबदल्याचा भाग असतो. मग जाड फांद्या जास्तीत जास्त तोडण्यात तोडणाऱ्याचा फायदा असतो आणि नेमक्या त्याच फांद्यांच्या जखमा झाडाला पेलत नाहीत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, करारच तसा आहे. कामाचे पैसे ठरवून द्यावेत, लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा आणि कोणत्या फांद्या कोठे कापायच्या ते आधी खडूने खूण करून ठरवावे. ‘शेंडा उडवून देतो’ असे म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

कायद्याची बाजूही माहीत हवी. महाराष्ट्राच्या नागरी भागांत झाडांचे संरक्षण व जतन करण्यासाठी १९७५ चा अधिनियम आहे. झाड स्वतःच्या आवारात असले तरी ते तोडण्यासाठी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. परवानगीचा अर्ज ही कटकट वाटते. पण त्या निमित्ताने झाड एकदा नीट पाहिले जाते, हाही फायदाच.

शाळेत करण्यासारखे

या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही. आवारातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. छातीच्या उंचीवर घेर मोजून व्यास काढावा. जुने काप शोधून प्रत्येकाची नोंद करावी: कॉलरबाहेर कापले आहे, सपाट कापले आहे की थोटूक ठेवले आहे? कडा किती मिटल्या आहेत? एखाद्या कापावरच्या उघड्या लाकडाची रुंदी दरवर्षी त्याच महिन्यात मोजली, तर तीन-चार वर्षांत तिन्ही प्रकारांमधला फरक मुलांच्याच वहीत दिसू लागेल. बुंध्याभोवती उघडी माती किती आहे, खिळे आणि तारा किती आहेत, हेही मोजावे. झाडावर चढणे किंवा कापणे मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

पोकळ नळीच्या प्रयोगाला जुन्या वहीचे दोन सारखे कागद पुरतात. एकाची घट्ट सुरळी करावी, दुसऱ्याची दोन बोटे आत जातील एवढी रुंद नळी. दोन्हींच्या कडा चिकटवून, दोन पुस्तकांमध्ये आडव्या ठेवून मधोमध हळूहळू वजन टांगावे आणि कोण आधी किती वाकते ते पाहावे. मग रुंद नळीला कात्रीने एका बाजूला लांब चीर द्यावी आणि पुन्हा वजन टांगावे. सलग नळी आणि चिरलेली नळी यांतला फरक हाताला कळला की, ढोली असलेल्या झाडाकडे पाहताना मुले ‘पोकळ आहे का’ एवढेच विचारून थांबणार नाहीत. भिंत किती जाड आहे आणि ती कोठे फुटली आहे, हे ती विचारतील. पुढच्या मे महिन्यात करवत घेऊन माणसे येतील तेव्हा हाच प्रश्न मोठ्यांनाही विचारता यावा.